त्या कपाटाचं काय झालं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: बोरिवली-चर्चगेट रोज एकत्र जाणाऱ्या सहा मैत्रिणी एकाच लेखकाच्या पोलिसी थरारकादंबऱ्या वर्षानुवर्षं वाचत आल्या. त्याचं नवं पुस्तक गिरगावातल्या पाडायला काढलेल्या एका चाळीवर आणि तिथून हलायला तयार नसलेल्या म्हातारीवर आहे. खून नाही, तपास नाही. तिघींना ते फार आवडलं. दोघी म्हणतात, आमची फसवणूक झाली. एकीने अर्ध्यात सोडलं. एकाच पुस्तकावर इतकी टोकाची मतं का पडतात, लेखकाने असं करावं का, आणि जिने सोडलं तिला पुन्हा वाचायला सांगावं का?

ताई, मी १९९१ पासून दादरला सर्क्युलेटिंग लायब्ररी चालवते. तुम्ही म्हणता ते पुस्तक मी दोनदा वाचलंय. आमच्याकडे त्याच्या चार प्रती आहेत आणि गेले काही महिने त्या चार प्रती घेऊन जाणाऱ्यांचे आणि परत आणणाऱ्यांचे चेहरे मी काउंटरवरून बघतेय. तुमच्या ग्रुपमध्ये झालं तेच भांडण आमच्याकडेही झालं. म्हणून जरा सविस्तर लिहिते. लेखकाचं नाव तुम्हीही लिहिलं नाहीत, मीही लिहीत नाही, त्याची इथे गरज नाही.

तुमच्या त्या दोघींचं नेमकं काय बिनसलं, ते मला बेस्टमधून निवृत्त झालेल्या आमच्या एका सभासदांकडून कळलं. हे काका या लेखकाचं प्रत्येक पुस्तक पहिल्या आठवड्यात नेतात. नंबर लावायला फोन करत नाहीत, स्वतः येतात. नवं पुस्तक आलं तेव्हा मी न विचारताच त्यांच्यासाठी एक प्रत बाजूला काढून ठेवली. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ती काउंटरवर ठेवली आणि एकच विचारलं, "मॅडम, त्या कपाटाचं काय झालं?"

दुसरं प्रकरण आठवा. म्हातारीच्या खोलीत एक लोखंडी कपाट आहे. त्याची किल्ली ती कमरेला खोचून ठेवते, सुनेला हात लावू देत नाही. लेखकाने त्या कपाटाला चांगलं दीड पान दिलंय: बिजागरीपाशी उडालेला हिरवा रंग, वर ठेवलेली गणपतीची आरास बांधलेली पेटी, आणि रात्री जिना हलला की आतून येणारा एक बारीक ठक्क आवाज. त्यानंतर दोनशे पानं कपाट तिथेच उभं आहे. शेवटी चाळ रिकामी होते, चार हमाल दोर बांधून ते जिन्यावरून उतरवतात, टेम्पोत आडवं घालतात, आणि टेम्पो निघून जातो. ते कोणीच उघडत नाही. पुस्तक संपतं.

काका चिडले ते यासाठी. आणि त्यांचा राग मला पूर्णपणे रास्त वाटतो, कारण त्यांना असं वाचायला याच लेखकाने शिकवलंय. थरारकथेचा वाचक प्रत्येक तपशील उधारीच्या वहीत मांडत जातो. खुंटीवर ओली छत्री आहे, म्हणजे कोणीतरी पावसातून आलं होतं. कपात अर्धा चहा आहे, म्हणजे माणूस घाईत उठला. लेखक वस्तू दाखवतो तेव्हा तो वाचकाकडून उसनं लक्ष घेतो आणि शेवटच्या तीस पानांत ते व्याजासकट फेडतो. या लेखकाने आधीच्या सगळ्या पुस्तकांत ते चोख फेडलं. म्हणून लोकांनी त्याच्यावर डोळे झाकून विश्वास टाकला. आता त्याच माणसाने दीड पानाचं कपाट उधार घेतलं आणि न फेडता टेम्पोत घालून पाठवून दिलं. काकांच्या वहीत ती रक्कम अजून बाकी आहे.

आता त्याच पुस्तकाची दुसरी वाचक बघा. परळला रात्रपाळी करणारी एक नर्स आमची सभासद आहे. तिने या लेखकाचं आधीचं एकही पुस्तक वाचलेलं नाही, रक्ताच्या गोष्टी ड्यूटीवर पुरे होतात म्हणते. त्या दिवशी तिला हवं होतं ते पुस्तक बाहेर गेलेलं होतं म्हणून मी हे दिलं. तिने ते तीन आठवडे ठेवलं, मध्ये एकदा मुदत वाढवून घेतली. परत देताना मी मुद्दाम कपाटाचं विचारलं. ती म्हणाली, "उघडलं असतं तर मला वाईट वाटलं असतं. सगळं घर गेलं, तेवढं एक तरी तिचं राहिलं."

या दोघांनी दोन वेगळी पुस्तकं वाचली, असं म्हणायचा मोह होतो. पण नाही. शब्द न् शब्द तोच आहे. कपाटाकडून कोणाची काय अपेक्षा होती, तेवढाच फरक. म्हणून "चांगलं की वाईट" यावर तुमच्या सहा जणींचं एकमत कधीच होणार नाही. त्यापेक्षा एकमेकींना एवढंच विचारा की कपाट दिसल्यावर तुला काय वाटलं होतं. माझी खात्री आहे, चर्चा पाच मिनिटांत वेगळ्या रुळावर जाईल.

एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे आपण वाचतो कुठे. मी लग्नाआधी कांदिवलीहून फोर्टला जायचे, त्यामुळे लेडीज डब्यातलं वाचन मला ठाऊक आहे. थरारकादंबरीची प्रकरणं पाच-सहा पानांची असतात आणि प्रत्येक प्रकरण कशावर तरी अडकवून थांबतं. अंधेरीला चढलेली बाई दादरला उतरेपर्यंत एक प्रकरण संपतं, पुस्तक पर्समध्ये जातं, आणि संध्याकाळपर्यंत डोक्यात तो अडकलेला धागा राहतो. गर्दीत, एका हाताने कडी धरून, मध्येच "पुढचं स्टेशन कोणतं" ऐकत वाचायला ही बांधणी अगदी बरोबर बसते. नव्या पुस्तकात तिसरं प्रकरण बेचाळीस पानांचं आहे. त्यात म्हातारी चाळीच्या गॅलरीत बसून पलीकडच्या बिऱ्हाडांची नावं आठवते, कोण कधी आलं, कोण कधी गेलं. ते प्रकरण अंधेरी-दादरमध्ये तोडलं की मेलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडल्यावर कोण कुठलं बिऱ्हाड तेच आठवत नाही. तुमच्या ज्या मैत्रिणीने अर्ध्यात सोडलं, तिने ते गाडीत वाचलं की घरी, हे मला जाणून घ्यायला आवडेल.

आमच्याकडे परत आलेल्या पुस्तकांत लोकांच्या खुणा राहतात. कोणी लोकलचं जुनं तिकीट घालतं, कोणी औषधाची चिठ्ठी, एकदा तर देवीच्या प्रसादाची पुडी होती. या पुस्तकाच्या चारपैकी तीन प्रतींत तिकिटं सापडली ती याच तिसऱ्या प्रकरणात. मागच्या पानावरच्या तारखांच्या चिठ्ठीकडे बघितलं तर तीही हेच सांगते. या लेखकाच्या जुन्या पुस्तकांवर शिक्के दोन-दोन, तीन-तीन दिवसांच्या अंतराने आहेत, एकसारखे. नव्यावर ते दुसऱ्याच दिवशीचे तरी आहेत, किंवा थेट तीन आठवड्यांनंतरचे. मधलं जवळपास काहीच नाही.

आता, लेखकाने असं करावं का? हा प्रश्न जुना आहे आणि मोठमोठ्यांना भेडसावलेला आहे. आर्थर कॉनन डॉयलला ऐतिहासिक कादंबऱ्या लिहायच्या होत्या, आपलं खरं काम तेच आहे असं त्याला वाटायचं. शेरलॉक होम्स त्याला त्यासाठी वेळच देईना. शेवटी डिसेंबर १८९३ च्या 'स्ट्रँड' मासिकात त्याने होम्सला धबधब्यात ढकलून मोकळं केलं. वाचकांनी रागाची पत्रं पाठवली, वर्गण्या बंद केल्या. १९०१ मध्ये त्याने होम्सची आणखी एक गोष्ट लिहिली, पण ती मृत्यूच्या आधी घडलेली. १९०३ मध्ये मात्र त्याला होम्सला सरळ जिवंतच करावं लागलं. आज त्याच्या ऐतिहासिक कादंबऱ्या वाचणारा माझ्या लायब्ररीत तरी एकही नाही, आणि मला ते वाईट वाटतं, कारण माणसाने ज्यावर जीव लावला ते कोणी उघडूनही बघू नये हे क्रूर आहे.

अगाथा ख्रिस्ती जास्त हुशार निघाली. तिने १९३० ते १९५६ या काळात मेरी वेस्टमॅकॉट या नावाने सहा कादंबऱ्या लिहिल्या, त्यांत खून नाही की तिचा तो डिटेक्टिव्ह पॉयरो नाही. एकीत तर वाळवंटातल्या विश्रामगृहात गाडीची वाट बघत अडकून पडलेली एक बाई आहे, आणि दिवसामागून दिवस ती स्वतःच्या संसाराकडे नव्याने बघते, एवढंच. ख्रिस्तीने ती तीन दिवसांत लिहिली आणि आत्मचरित्रात लिहून ठेवलं की आपल्याला पूर्ण समाधान देणारं पुस्तक हेच. वेस्टमॅकॉट म्हणजे कोण, हे जवळजवळ वीस वर्षं बाहेर फुटलं नव्हतं. तेवढी वर्षं कोणी तिला "यात खुनी कोण" असं विचारलं नाही. नाव बदललं की वाचकाची उधारीची वही कोरी होते, हे तिला बरोबर कळलं होतं.

आपल्याकडे सगळ्यात जवळचं उदाहरण सुहास शिरवळकरांचं. त्यांच्या आधीच्या कितीतरी रहस्यकथांत बॅरिस्टर अमर विश्वास, दारा बुलंद, फिरोज इराणी असे नायक आहेत. मग १९८२ मध्ये 'दुनियादारी' आली, कॉलेजच्या कट्ट्यावरची, प्रेमाची, मैत्रीची, मरणाची. मी लायब्ररी सुरू केली तेव्हा जुने सभासद मला दोन्ही बाजूंनी सांगायचे. काहींना वाटायचं की शिरवळकरांनी दारा बुलंदला वाऱ्यावर सोडलं. काहींनी 'दुनियादारी' इतक्या वेळा नेली की आमची प्रत दोनदा बांधून घ्यावी लागली. मग २०१३ मध्ये त्यावर सिनेमा आला, शिरवळकर जाऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती, आणि सगळं उलटं झालं. विशीतली मुलं येऊन "सुहास शिरवळकरांचं अजून काय आहे?" विचारू लागली. मी कौतुकाने दारा बुलंद काढून दिला. दोन दिवसांत परत! "हे त्यांचं नाही वाटत," असं एक मुलगी म्हणाली. तिच्यासाठी शिरवळकर म्हणजे 'दुनियादारी'तला कट्टा आणि दिघ्या, आणि दारा बुलंद म्हणजे फसवणूक. जुन्या सभासदांच्या तक्रारीचा हा आरशातला फोटो होता. तेव्हापासून मी त्यांची पुस्तकं दोन वेगळ्या कप्प्यांत ठेवते आणि देताना विचारते, तुम्हाला कोणते शिरवळकर हवेत?

रत्नाकर मतकरींच्या बाबतीत मात्र असं भांडण मी कधीच ऐकलं नाही. अंगावर काटा आणणाऱ्या गूढकथा त्यांच्याच, 'अलबत्या गलबत्या' त्यांचंच, आणि 'लोककथा ७८' सारखं अस्वस्थ करणारं नाटकही त्यांचंच. १९७८ मध्ये बँकेची नोकरी सोडली त्याच्या कितीतरी आधीपासून ते हे सगळं एकाच वेळी करत होते. वाचकाला त्यांनी पहिल्यापासून सवयच लावली की या दारातून काय बाहेर येईल ते सांगता येत नाही. आई गूढकथा न्यायची आणि मुलगा बालनाट्याचं पुस्तक न्यायचा, एकाच सभासद कार्डावर. जो लेखक वर्षानुवर्षं एकच पदार्थ वाढतो आणि मग अचानक ताट बदलतो, त्याच्यावर लोक रागावतात.

तुमच्या दोघी "फसवणूक" म्हणतात, त्यातला थोडा भाग मला खरा वाटतो, पण त्याचा दोष मी लेखकाला देत नाही. पुस्तकाचं मुखपृष्ठ आठवा. काळी पार्श्वभूमी, लेखकाचं नाव लाल ठसठशीत अक्षरात, आधीच्या पुस्तकांसारखंच, आणि अंधारात अर्धवट उघडं दार. मलपृष्ठावर लिहिलंय, "एक चाळ. एक म्हातारी. एक रहस्य." रहस्य कसलं? प्रकाशकांच्या प्रतिनिधीला मी हे विचारलं तर तो म्हणाला, मॅडम, नाव तेच आहे, लुक तोच ठेवला तर ऑर्डर येते. ऑर्डर आली, मीच चार प्रतींची दिली. पण त्या मुखपृष्ठाने काकांना आणि तुमच्या मैत्रिणींना नसलेलं काहीतरी कबूल केलं. कोर्टाच्या थरारकादंबऱ्या लिहिणाऱ्या जॉन ग्रिशॅमने २००१ मध्ये 'अ पेंटेड हाउस' काढलं, अर्कान्सासमधल्या कापसाच्या शेतावरची, सात वर्षांच्या मुलाच्या तोंडून सांगितलेली गोष्ट. तेव्हा वाचकाला आधीच स्वच्छ सांगून टाकलं होतं की या गोष्टीत एकही वकील नाही, मेलेला नाही की जिवंत नाही. ज्यांना कोर्टच हवं होतं ते तिथूनच मागे फिरले, आणि बाकीचे कापूस वेचायला गेले. आपल्या प्रकाशकांना हे एक वाक्य छापायला काय जड होतं?

आणि माझीही चूक आहेच. मी ती प्रत काकांसाठी बाजूला काढली तेव्हा स्वतः वाचली नव्हती.  आता या पुस्तकाच्या आतल्या पहिल्या पानावर मी पेन्सिलीने लिहून ठेवलंय: "तपास नाही. सावकाश वाचावे." त्यानंतर दुसऱ्या दिवशी परत येणारी पुस्तकं कमी झाली.

लेखकाला मी पूर्ण मोकळं सोडत नाही हेही सांगते. दुसऱ्या वाचनात मला जाणवलं की त्याचा हात जुनाच आहे. रात्री जिना हलला की कपाटातून येणारा तो ठक्क आवाज गोष्टीला नको होता. म्हातारीला तो ऐकू येत नाही, सुनेलाही येत नाही, तो फक्त वाचकासाठी वाजतो. ती थरारकथेची सवय आहे, आणि त्या एका आवाजाने काकांच्या वहीत रक्कम लिहिली गेली. तो काढून टाकला असता तर कपाट नुसतं कपाट राहिलं असतं, किल्ली आणि कंबर एवढंच दिसलं असतं, आणि मला वाटतं काकाही इतके अडकले नसते. पहिल्यांदा वाट बदलणाऱ्या लेखकाकडून हे व्हायचंच. त्याच्या पुढच्या पुस्तकात तो आवाज नसेल अशी माझी आशा आहे, म्हणून त्याने याच वाटेने आणखी एक तरी लिहावं असं मला मनापासून वाटतं.

तुमच्या आवडलेल्या तिघींबद्दलही एक सांगायचंय. त्यांच्यापैकी कोणी "शेवटी याने खरं साहित्य लिहिलं" असं म्हटलं असेल तर त्यांना माझा निरोप द्या. काउंटरवर हे वाक्य मी रोज ऐकते आणि मला ते चिडलेल्या काकांपेक्षा जास्त लागतं. बाबूराव अर्नाळकरांनी रहस्यकथांची हजारावर पुस्तकं लिहिली. झुंजार, काळापहाड, धनंजय-छोटू यांच्या मागे लागून गिरगाव-परळच्या किती घरांतली पोरं पहिल्यांदा पुस्तक संपवायला शिकली. माझे सासरे गिरणीत होते, शाळा चौथीपर्यंत. त्यांना वाचनाची गोडी लागली ती काळापहाडमुळे, आणि नंतर त्याच डोळ्यांनी त्यांनी ज्ञानेश्वरीही वाचली. या लेखकाच्या जुन्या पोलिसी कादंबऱ्याही तितक्याच कष्टाच्या आहेत. दहा पात्रांचे येण्याजाण्याचे वेळ चुकू न देता तीनशे पानं बांधून काढणं सोपं नाही. चाळीची कादंबरी आवडली म्हणून आधीच्या पुस्तकांना पायरीचा दगड ठरवायचं कारण नाही. म्हातारीच्या हालचाली तो इतक्या अचूक टिपतो, ती नजर त्याला तपासाच्या गोष्टींनीच दिली.

आता जिने अर्ध्यात सोडलं तिच्याबद्दल. आग्रह करू नका. तिला म्हणावं, तिसरं प्रकरण आत्ता राहू दे, थेट चौथ्यापासून वाच, जिथे सून पहिल्यांदा पुनर्विकासाच्या कागदावर सही करते. तिथून पुस्तक चालतं. आवडलं तर एखाद्या रविवारी दुपारी, घरी, चहा शेजारी ठेवून ते बेचाळीस पानांचं प्रकरण एका बैठकीत वाचायचं. नाही आवडलं तर या लेखकाचं जुनं पहिलं पुस्तक पुन्हा काढा, आमच्याकडे आहे. आणि तुम्ही दादरला उतरत असाल तर या, चाळीच्या कादंबरीची एक प्रत शनिवारी परत यायची आहे. काकांना मी अजून "पुढचं खरं पुस्तक कधी येतंय" याचं उत्तर देऊ शकलेले नाही. ते दर सोमवारी विचारतात.